वेढे

सेलूत, जिंतूर रोडला, जिनिंगच्या भिंतीला लागून
माझं रिवाइंडिंगचं दुकान.
जळालेली मोटर आली की आधी वेढे मोजायचे,
मग तोडायचे.
एका खाचेत बेचाळीस, तर बेचाळीसच.
न मोजता तोडलं तर ती मोटर
पुन्हा कुणाच्या बापाला भरता येत नाही,
असं उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
पंधरा वर्षांचे आकडे आहेत माझ्या डायरीत.

त्या रात्री मोजलं नाही.

संक्रांतीच्या आधीचा आठवडा,
शेतीला रात्रीची लाईन.
मुंजाजीची पाचची मोटर भरून झालेली,
वार्निश वाळावं म्हणून आत दोनशेचा बल्ब लावलेला,
आणि त्याच उबेला पाय करून आम्ही बसलेलो:
मुंजाजी, नासेरभाई, लिंबाजीचा पोरगा, मी.
नासेरभाई भावाचं सांगत होता,
बांधावरून बोलणं बंद झालं त्याचं.
मला कुणी काही विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, आठ वर्षं झाली.
परभणीच्या सरकारी दवाखान्यात, सातव्या महिन्यात.
कापडात गुंडाळून नर्सनं माझ्याच हातात दिली.
अर्ध्या एचपीच्या रोटरएवढंही वजन नव्हतं.
द्वारकेला दाखवू नका, हे मीच म्हणालो होतो.
आणि तिथून परत येताना, रिक्षात,
मी तिचं नाव ठेवलं.
रोज शटर उचलताना एकदा म्हणतो,
कुलपाच्या आवाजात ऐकू जात नाही कुणाला.

आणि नाव सांगितलं.

इथं नाही सांगणार.

नासेरभाईनं पाठीवर हात ठेवला.
मुंजाजीनं मफलरीनं डोळे पुसले, खरंच पुसले.
हसलं कुणी नाही, चुकलं कुणी नाही.
तक्रार करावी तर कुणाची?

घरी निघालो तेव्हा हलकं वाटत होतं.
ते स्टँडपर्यंत पुरलं.
पुढं कुत्री भुंकली आणि एकदम वाटलं,
शटर उघडंच राहिलं.
मागं गेलो. कुलूप होतं.
दोनदा ओढून पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून सगळे जपून.
मुंजाजीनं ठरल्यापेक्षा शंभर जास्त दिले, मोजले नाहीत असं दाखवत.
लिंबाजीच्या पोरानं चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.
हॉटेलात कुणाच्या तरी बारशाचं चाललं होतं,
मी आत शिरलो तसा आवाज उतरला,
आजाऱ्याच्या घरात रेडिओ बारीक करावा तसा.
मला ओरडून सांगावं वाटलं,
अरे, मी कालचाच आहे.
पण कालचा नव्हतो.

चौथ्या दिवशी मुंजाजीची सत्यभामा
तीळगूळ घेऊन माझ्या घरी गेली,
आणि द्वारकेचे हात हातात धरून
ते नाव म्हणाली.

द्वारकेला माहीत नव्हतं.

आठ वर्षं एका छताखाली,
आणि मला वाटायचं, तिला कशाला पुन्हा.
दुकानातल्या तिघांना सांगताना असं काही वाटलं नाही.

रात्री ताट वाढताना म्हणाली,
"चांगलंय नाव."
शेजारच्या पोरीचं म्हणावं तसं.
भाकरी मोडून माझ्याकडं सरकवली.
"लिंबाजीच्या पोराला बी माहितीय?"
हाव म्हणालो.
"बरं."

बस, एवढंच झालं. भांडण नाही, रडणं नाही.
फक्त आता शटर उचलताना ते नाव येतं
ते सत्यभामेच्या तोंडून आल्यासारखं येतं,
तीळगुळाच्या वाटीसकट.
म्हणून म्हणतच नाही.

काल मध्यरात्री जाग आली.
बाहेरच्या लाईटचा एक पट्टा द्वारकेच्या तोंडावर,
डोळे मिटलेले, ओठ हलत होते.
आवाज नव्हता.
मी पटकन भिंतीकडं वळलो, झोपेचं सोंग घेतलं.
तीन अक्षरांचं आहे ते नाव.
तिचे ओठ तीनदा हलले की चारदा,
मोजायचं राहून गेलं.